खोक्यावर चारशे, आत किती?

उन्हाळ्याच्या सुट्टीत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एकाच विषयाची निघाली: हातात धरून खेळायचे स्वस्त व्हिडिओ गेम, त्यांच्या नकला आणि त्यांच्यासोबत गळ्यात पडणाऱ्या चित्रविचित्र वस्तू. जळगावात टीव्ही, रेडिओ आणि व्हिडिओ गेमच्या दुरुस्तीचे काम मी बरीच वर्षे करीत असल्यामुळे संपादकांनी हा गठ्ठा माझ्याकडे सोपवला आहे. पत्रलेखकांची नावे न छापता केवळ गाव दिले आहे आणि पत्रे आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेतून मी भाच्यासाठी साडेचारशे रुपयांना ‘४०० इन १’ असे लिहिलेला छोटा गेम घेतला. दुकानदाराने तो ‘फर्स्ट कॉपी’ असल्याचे सांगितले. भाचा मात्र दर दोन दिवसांनी येऊन म्हणतो, “आत्या, हाई तेच शे!” नाव वेगळे, आत तोच मारिओ. माझी फसवणूक झाली का? आणि ही कॉपी नेमकी कशाची आहे? (शहादा)

उत्तर : दुकानदाराने खोक्यावरचा आकडा विकला आणि आपण तो विकत घेतला, इतकेच घडले आहे. वस्तू अगदीच वाया गेलेली नाही. मात्र ती काय आहे हे समजून घेतले, तर तिच्याकडून किती अपेक्षा ठेवावी हेही समजेल.

जपानच्या निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी टीव्हीला जोडायचे एक यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव ‘फॅमिली कॉम्प्युटर’, लोकांच्या तोंडी ‘फॅमिकॉम’. आपल्याकडे नव्वदच्या दशकात कॅसेटला फुंकर मारून आपण जे खेळत होतो, ते बहुतेक सारे या फॅमिकॉमच्या नकला असलेले संच होते. मूळ यंत्रात आकडेमोड करणारी चिप वेगळी आणि चित्र काढणारी चिप वेगळी होती. नकला करणाऱ्यांनी पुढे हे सगळे एकाच चिपमध्ये कोंबले. आपल्या भाच्याच्या हातात आहे ती हीच एकत्र केलेली चिप, सोबत तीन इंचांच्या आतबाहेरचा पडदा आणि मोबाइलची बॅटरी. म्हणजे ही कॉपी चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्राची आहे, आणि तीही कितव्या हातची हे कोणालाच सांगता येणार नाही. ‘फर्स्ट कॉपी’ या शब्दाला घड्याळांच्या आणि बुटांच्या बाजारात काही अर्थ असेल तर असो, येथे तो नाही.

चारशे खेळ इतक्या स्वस्तात कसे मावतात, याचे उत्तर साध्या गणितात आहे. १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा संपूर्ण खेळ ४० किलोबाइटचा आहे. तेवढ्याच आकाराचे चारशे खेळ धरले, तरी १६ हजार किलोबाइट, म्हणजे सुमारे १६ मेगाबाइट होतात. आपल्या मोबाइलने काढलेले चार-पाच फोटो तेवढी जागा घेतात. म्हणून खरोखर वेगवेगळे चारशे खेळ घालणे अवघड मुळीच नव्हते. तरीही यादी फुगवलेली असते, कारण एकच खेळ तिसऱ्या पातळीपासून सुरू केला की त्याला नवे नाव देता येते, नायकाच्या कपड्यांचा रंग बदलला की आणखी एक नाव देता येते, आणि यात्रेच्या गर्दीत उभे राहून यादी शेवटपर्यंत कोणी पाहत नाही. भाच्याने जे ओळखले ते खरे आहे.

मागचे स्क्रू काढून आत डोकावल्यास हिरव्या सर्किटवर डांबराच्या थेंबासारखा एक काळा, गोल ठिपका दिसतो. चिपला वेगळे कवच आणि पाय बसवण्याचा खर्च वाचवण्यासाठी ती उघडीच सर्किटवर चिकटवतात, केसाहून बारीक तारांनी जोडतात आणि वरून काळे इपॉक्सी ओततात. त्या ठिपक्यावर ना कंपनीचे नाव असते, ना नंबर. तो गेला की यंत्र गेले. त्याची दुरुस्ती आमच्यापैकी कोणीही करू शकत नाही. बाकीचे बहुतेक सर्व दुरुस्त होते. बटनाखाली रबराची गादी असते आणि तिच्या पोटाशी कार्बनची काळी टिकली. बटन दाबले की ती टिकली सर्किटवरच्या दोन पट्ट्या जोडते. यात्रेतली धूळ आणि हाताचा घाम तेथे साचला की बटन दोनदा दाबावे लागते. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने टिकली आणि पट्ट्या पुसल्या की बहुतेक वेळा काम भागते. मात्र टिकली नखाने खरवडू नये.

पुढच्या वेळी घेताना यादीकडे पाहूच नये. ‘कॉन्ट्रा’ हा १९८८ सालचा खेळ अशा यंत्रांत हटकून असतो. तो सुरू करून पळता पळता तिरकस वर गोळी झाडून पाहावी. दिशांचे बटन तिरकस दाबले असता गोळी सरळच जात असेल, तर ते यंत्र कितीही स्वस्त असले तरी खाली ठेवावे. त्यानंतर यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे, आवाज अगदी कमी होतो का ते पाहावे, आणि शक्य असल्यास मागचे झाकण उघडून बॅटरी पाहावी. बॅटरीविषयी पुढच्याच उत्तरात सविस्तर लिहिले आहे.

प्रश्न : मुलाच्या व्हिडिओ गेमचे मागचे झाकण आपोआप वर आले आहे आणि आतली बॅटरी पोळीसारखी फुगलेली दिसते. गेम मात्र व्यवस्थित चालतो. पुन्हा चार्जिंगला लावला तर चालेल का? मे महिन्यात तो मोटारसायकलच्या डिकीत तीन-चार दिवस राहिला होता. (भुसावळ)

उत्तर : चालणार नाही. हे उत्तर पुढे वाचण्यापूर्वी यंत्र बंद करावे, चार्जरपासून दूर करावे आणि मुलाच्या हाती पुन्हा देऊ नये.

लिथियम बॅटरी फुगते ती आतल्या रसायनाचे विघटन होऊन वायू तयार झाल्यामुळे. गेम चालतो आहे याचा अर्थ बॅटरीत अजून वीज आहे, एवढाच. ती सुरक्षित आहे असा नव्हे. अशा बॅटरीला टोचू नये, दाबून झाकण बसवू नये आणि ‘हवा काढून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती तर मुळीच देऊ नये. ती हलक्या हाताने काढावी, तिच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी, आणि कोरड्या वाळूने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात घराबाहेर, सावलीत ठेवावी. घंटागाडीत ती टाकू नये, कारण कचरा दाबला जातो तेथेच तिचा भडका उडण्याचा धोका असतो. ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्राकडे ती द्यावी. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे, परंतु निनावी मालाला उत्पादक कोठून शोधणार, हा प्रश्न उरतोच.

आता कारण. या बॅटऱ्या साधारणपणे शून्य ते ४५ अंश सेल्सियस या तापमानातच चार्ज कराव्यात असा दंडक आहे. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतलाच पारा ४५ च्या पलीकडे जातो, तेव्हा उन्हात उभ्या असलेल्या मोटारसायकलच्या बंद डिकीत काय होत असेल याची कल्पना करावी. शेतात निघालेला माणूस पाण्याची बाटलीही डिकीत ठेवत नाही. बॅटरी मात्र आपण बिनधास्त ठेवतो. त्यात भर अशी की, पूर्ण चार्ज असलेली बॅटरी उष्णतेत अर्ध्या चार्ज असलेल्या बॅटरीपेक्षा लवकर खराब होते.

दुसरे कारण यंत्राच्या आत असण्याची शक्यता आहे. लिथियमचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो आणि चांगले सर्किट तेथे चार्जिंग थांबवते. अगदी हलक्या मालात ही थांबवणारी व्यवस्था निकृष्ट असते किंवा नसतेच. जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे मल्टीमीटर असतोच. नवी बॅटरी बसवल्यावर समोर बसून ती पूर्ण चार्ज होईपर्यंत मोजावी. काटा ४.२ च्या वर चढतच राहिला, तर दोष यंत्राचा आहे आणि बॅटरी बदलण्यावर पैसे घालू नयेत.

आपण पाठवलेल्या छायाचित्रावरून ही बॅटरी बीएल-५सी या मापाची दिसते. हे माप मूळचे नोकियाच्या बटनांच्या मोबाइलचे. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने याच मापाच्या, मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांविषयी ग्राहकांना सावध केले होते आणि त्या बदलून देण्याची तयारी दाखवली होती, कारण त्यांपैकी काही चार्जिंगच्या वेळी तापत होत्या. तेव्हा मोबाइलचे झाकण उघडून बॅटरीवरचा नंबर पाहण्याची सगळीकडे एकच लगबग उडाली होती. ते प्रकरण मिटले, माप मात्र टिकले, आणि आज स्वस्त रेडिओपासून व्हिडिओ गेमपर्यंत सर्वत्र तेच दिसते. ही गोष्ट आपल्या फायद्याची आहे, कारण या मापाची बरी बॅटरी अजून मिळते. ती घेताना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, ‘आयएस १६०४६’ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. तो क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपवर टाकल्यास नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते समजते. बॅटरीवर क्रमांक एकाचा आणि अॅपवर नाव दुसऱ्याचे निघाले, तर ती घेऊ नये.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात आहे. मित्राकडे ‘आर३६एस’ नावाचे, हातात धरून खेळायचे यंत्र आहे. त्याच नावाचे आणि तसेच दिसणारे यंत्र मी तीन हजारांना मागवले. मित्राचे उत्तम चालते. माझ्यात खेळ मध्येच अडकतात, मोबाइलच्या नव्या चार्जरवर ते चार्ज होत नाही आणि इंटरनेटवरून घेतलेली प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) मेमरी कार्डावर टाकल्यावर पडदा काळाच राहतो. हे बिघडलेले आहे की नकली? (शिरपूर)

उत्तर : आपल्या पत्रात तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींची कारणे वेगळी आहेत.

आर३६एसमध्ये रॉकचिपचा आरके३३२६ हा प्रोसेसर, १ जीबी रॅम आणि ६४० × ४८० ठिपक्यांचा साडेतीन इंची पडदा असतो. हे यंत्र कोणा मोठ्या नावाचे नाही. तरीही ते इतके खपले की त्याचीही नक्कल निघाली. बाहेरचे प्लॅस्टिक तेच, आत सर्किट वेगळे. निनावी मालाची निनावी नक्कल! खोके पाहून हा फरक ओळखता येत नाही. परंतु मूळ यंत्रासाठी तयार केलेली ‘आर्कओएस’ ही प्रणाली नकलेवर जशीच्या तशी चालत नाही. येथे घाई करू नये, कारण मूळ यंत्रांतही वेगवेगळ्या खेपांत वेगवेगळे पडदे बसवलेले आहेत, आणि त्या पडद्याशी जुळणारी फाइल कार्डावर नसेल तर अस्सल यंत्राचाही पडदा काळा राहतो. सोबत आलेल्या कार्डावरची ती फाइल नव्या कार्डावर टाकून पाहावी. तरीही काळाच राहिला, तर हाती नक्कल आहे असे धरून चालावे आणि मुदत संपण्यापूर्वी वस्तू परत पाठवावी.

खेळ अडकण्याचा दोष बहुधा कार्डाचा आहे. यात मेमरी कार्डाच्या दोन खाचा असतात, एक प्रणालीसाठी आणि एक खेळांसाठी, आणि खर्च वाचवण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे ही कार्डे. ६४ जीबी असे छापलेल्या कार्डाची खरी क्षमता त्याहून फार कमी असू शकते. संगणकावर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ किंवा ‘एफ३’ ही मोफत साधने कार्ड शेवटपर्यंत भरून पुन्हा वाचून पाहतात आणि खोटेपणा उघड करतात. ही तपासणी कार्ड रिकामे करूनच करावी लागत असल्यामुळे, यंत्र हाती पडलेल्या पहिल्याच दिवशी कार्डाची पूर्ण प्रत संगणकात घेऊन ठेवणे हे चार्जिंगपेक्षाही आधीचे काम समजावे.

चार्जिंगचे कोडे मला फार आवडते. आपला नवा चार्जर आणि त्याची केबल, दोन्हीकडे सी प्रकारची पिन आहे. असा चार्जर समोरच्या वस्तूने ओळख पटवल्याशिवाय वीज सोडतच नाही, आणि ही ओळख म्हणजे खाचेजवळचे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर. हे रेझिस्टर मातीमोल किमतीचे असतात. स्वस्त यंत्र बनवणारे तेही वाचवतात. म्हणून यंत्र मेल्यासारखे पडून राहते आणि ग्राहक ते बिघडले म्हणून आमच्याकडे घेऊन येतो. ज्याला एका टोकाला जुनी, चौकोनी यूएसबी पिन आणि दुसऱ्या टोकाला सी पिन आहे, अशी साधी केबल आणि मोबाइलचा जुना ५ व्होल्टचा चार्जर लावावा. यंत्र निमूटपणे चार्ज होईल. आपण अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहात, तेव्हा दोन रेझिस्टर आणून डाग देण्याचा सरावही करता येईल. फक्त आधी बॅटरी काढून ठेवावी.

अपेक्षेविषयी एक वाक्य: १९९४ सालच्या पहिल्या प्लेस्टेशनचे खेळ या प्रोसेसरवर चांगले चालतात, पीएसपी या नंतरच्या, हातात धरायच्या प्लेस्टेशनचे मात्र थोडे चालतात आणि बरेच रखडतात, आणि तो दोष यंत्राचा नव्हे.

प्रश्न : टीव्हीच्या मागे लावायची ‘४के’ गेम स्टिक घेतली. दहा हजार खेळ आहेत म्हणतात. चित्र धूसर आहे आणि मधूनच ती आपोआप पुन्हा सुरू होते. (पाचोरा)

उत्तर : ४के हा त्या काडीच्या नावाचा भाग समजावा. तिच्यातल्या फॅमिकॉमच्या खेळांचे चित्र २५६ × २४० ठिपक्यांचे असते. ते त्रेचाळीस इंची पडद्यावर ताणल्यावर धूसर दिसणारच. पुन्हा सुरू होण्याचे कारण बहुधा वीज हे आहे. आपण तिला टीव्हीच्याच यूएसबी खाचेतून वीज देत असाल, तर साध्या खाचेकडून केवळ अर्धा अँपिअर मिळण्याची खात्री असते. मोबाइलचा ५ व्होल्ट, १ अँपिअरचा वेगळा चार्जर लावून पाहावा. बटन दाबणे आणि उडी पडणे यांत अंतर जाणवत असल्यास टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ सुरू करावा. दहा हजारांच्या आकड्याविषयी शहाद्याच्या पत्राला दिलेले उत्तर पाहावे.

प्रश्न : माळ्यावर १९९६ च्या सुमारास घेतलेला टीव्ही गेम बंदुकीसह सापडला. एव्ही केबलने नव्या टीव्हीला जोडला. मारिओ चालतो, पण बदकाच्या खेळात एकही गोळी लागत नाही. बंदूक दुरुस्त होईल का? (धुळे)

उत्तर : बंदूक बहुधा ठणठणीत आहे, बदलला आहे तो टीव्ही.

या बंदुकीतून काहीही बाहेर पडत नाही. उलट तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक छोटा डोळा असतो. चाप ओढताच खेळ क्षणभर सगळा पडदा काळा करतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. त्या क्षणी डोळ्याला आधी काळोख आणि मग उजेड दिसला, तर नेम लागला. केवळ उजेड पाहून नेम मान्य केला असता, तर पोरांनी बंदूक ट्यूबलाइटकडे रोखून सगळी बदके पाडली असती. आधीच्या काळ्या पडद्याची योजना त्यासाठीच आहे. जुन्या काचेच्या टीव्हीत चित्र एका किरणाने ओळीओळीने, सेकंदाला सुमारे १५ हजार ओळींच्या वेगाने रंगवले जाते, आणि बंदुकीचे सर्किट त्याच थरथरीला प्रतिसाद देईल असे जुळवलेले असते. एलईडी टीव्हीत ती थरथर नसते. शिवाय नवा टीव्ही चित्रावर प्रक्रिया करून ते किंचित उशिरा दाखवतो. तोवर बंदुकीची पाहण्याची वेळ निघून गेलेली असते.

भंगारवाल्याकडे अजूनही काचेचे टीव्ही येतात. चालू अवस्थेतला एखादा मिळाल्यास घ्यावा. मात्र त्याचे मागचे झाकण स्वतः उघडू नये. बंद केल्यानंतरही नळीत हजारो व्होल्ट साठलेले राहतात, आणि अनुभवी माणसालाही तो फटका भिंतीवर फेकतो.

प्रश्न : मोबाइलवर बीजीएमआय हा गोळीबाराचा गेम खेळण्यासाठी बोटांत घालायच्या टोप्या, मोबाइलला लावायचे एल१-आर१ ट्रिगर आणि मागे चिकटवायचा ‘बर्फाचा’ पंखा, असा संच ऑनलाइन मिळतो आहे. घ्यावा का? (नंदुरबार)

उत्तर : टोप्या घ्याव्यात. आपल्या उन्हाळ्यात बोटाला घाम आला की काचेवर ते अडखळते. टोपीच्या कापडात वीजवाहक धागे विणलेले असल्यामुळे बोटाचा स्पर्श काचेला समजतो आणि घाम कापडात राहतो. टोप्या आठवडाभरात विटतात, पण किंमतही तशीच असते. धुऊन पुन्हा वापरता येतात.

ट्रिगर घेऊ नयेत असे माझे मत आहे. त्यांत वेगळी जादू नाही. तुमच्या तर्जनीचा स्पर्श धातूच्या पट्टीतून काचेवरच्या एका ठिकाणी नेऊन टेकवणे, एवढेच त्यांचे काम. स्प्रिंग आठ-पंधरा दिवसांत ढिली पडते आणि चिमट्याने काचेवरच्या गार्डला चरे पडतात ते निराळेच. चार बोटांनी धरून खेळण्याची सवय फुकट लागते.

पंख्यातला बर्फ म्हणजे पेल्टिए पट्टी. झां पेल्टिए या फ्रेंच संशोधकाने १८३४ मध्ये दाखवून दिले की, दोन भिन्न धातूंच्या सांध्यातून वीज वाहिली की तो सांधा थंड किंवा गरम होतो. या पट्टीत त्याच तत्त्वाने एक बाजू थंड होते आणि दुसरी तापते. पंखा असतो तो या तापलेल्या बाजूला गार करण्यासाठी. वस्तू खरी आहे, परंतु तिला वीज भरपूर लागते, आणि ती मोबाइलच्याच बॅटरीतून घेतल्यास एका हाताने पाणी शेंदून दुसऱ्या हाताने सांडण्यासारखे होते. तिला वेगळा चार्जर लावावा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत चालेल. श्रावणात, हवा दमट असताना, गार ग्लासाला सुटते तसे पाणी मोबाइलच्या पाठीला सुटते, तेव्हा वापरू नये. खेळताना मोबाइल चार्जिंगला न लावणे हा सर्वांत स्वस्त पंखा.

अशा वस्तू केवळ नकली माल बनवणारेच विकतात, असे समजू नये. १९८९ मध्ये अमेरिकेत मॅटेल कंपनीने निन्टेंडोच्या यंत्रासाठी ‘पॉवर ग्लोव्ह’ नावाचा हातमोजा काढला होता. हवेत हात हलवून खेळायचे. दिसायला फार रुबाबदार आणि खेळायला जवळजवळ निरुपयोगी, अशी त्याची ख्याती झाली.

प्रश्न : माझे मोबाइलच्या सामानाचे दुकान आहे. गिऱ्हाईक मागते म्हणून हे गेम ठेवतो. काही अडचण येऊ शकते का? घाऊक व्यापारी बिल देत नाही. (चाळीसगाव)

उत्तर : येऊ शकते, आणि बिल नसेल तर ती एकट्या आपल्यावर येईल. फॅमिकॉमच्या काळातल्या यंत्राच्या पेटंटांची मुदत केव्हाच संपली असल्यामुळे तसे सर्किट बनवणे हा आता वादाचा मुद्दा नाही. आतल्या खेळांचे तसे नाही. त्यांचे हक्क जिवंत आहेत, आणि परवानगीवाचून केलेल्या प्रती जाणूनबुजून विकल्यास कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ नुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. खोक्यावर एखाद्या प्रसिद्ध कंपनीचे नाव किंवा चिन्ह छापलेले असेल, तर ट्रेडमार्क कायद्याचा प्रश्न वेगळा.

शिवाय इलेक्ट्रॉनिक व्हिडिओ गेम, चार्जर आणि बॅटरी या तिन्ही वस्तू मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीखाली येतात, आणि आयात मालाच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत व तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा लागतो. यांतले काहीही नसलेला माल ठेवूच नये. ठेवायचाच असेल, तर ज्यात परवानगीचे खेळ आहेत किंवा खेळ मुळीच भरलेले नाहीत, असा बिलाचा माल ठेवावा. गिऱ्हाईक १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करते तेव्हा ते घाऊक व्यापाऱ्याचे नाव सांगत नाही. ज्याने गल्ल्यात पैसे घेतले त्याचे सांगते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. माझ्याकडे विटा रचण्याचा जुना गेम आहे, ‘९९९९ इन १’ असे लिहिलेला. नातवंडांना दाखवावा म्हणून सेल घातले, तर आवाज येतो, पण पडद्यावरचे दोन उभे रकाने दिसत नाहीत. शिवाय सेलच्या जागी पांढरी-हिरवी बुरशी आहे. (चोपडा)

उत्तर : टाकून देऊ नका, या सर्व पत्रांत दुरुस्तीला सर्वांत सोपी वस्तू आपलीच आहे.

मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी १९८४ मध्ये रचलेल्या टेट्रिसचीच ही नक्कल. दहा रकाने आणि वीस ओळी. ९९९९ या आकड्याचे काय ते आपण जाणताच. ती बुरशी म्हणजे गळलेल्या सेलचा क्षार होय. आपण स्वस्त, साधे पेन्सिल सेल वापरले असणार. त्यांची गळती आम्लधर्मी असते. म्हणून चमचाभर पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून त्यात कापूस भिजवून, घट्ट पिळून पत्र्याच्या टोकांवरून फिरवावा. सेल अल्कलाइन असतील तर सोड्याऐवजी लिंबाचा रस किंवा व्हिनेगर वापरावे. त्यानंतर कोरड्या कापडाने पुसून दिवसभर वाळू द्यावे.

रकान्यांसाठी मागचे स्क्रू काढावे लागतील. पडद्याची काच आणि सर्किट यांच्यामध्ये गुलाबी किंवा राखाडी रबराची एक पट्टी दिसेल. तिच्यात वीजवाहक आणि वीजरोधक असे पातळ थर एकाआड एक असतात, म्हणून तिला झेब्रा पट्टी म्हणतात. ती वर्षानुवर्षे दबून बसली की कुठेतरी संपर्क सुटतो आणि तेवढेच रकाने मावळतात. पट्टी अलगद काढून तिच्या दोन्ही कडा, काचेची कड आणि सर्किटवरच्या रेघा अल्कोहोलच्या कापसाने पुसाव्यात, पट्टी उलटी फिरवून बसवावी आणि स्क्रू एक सोडून एक असे थोडेथोडे आवळावेत. एका बाजूचे आधी पूर्ण आवळले, तर दुसऱ्या बाजूचे रकाने जातात, आणि मग नातवंडांसमोर सगळे पुन्हा उघडावे लागते.